टर्बो पेट्रोल गाडीसाठी घरी बनवलेला ऑइल कॅच कॅन: एक लागेल की दोन, आणि आत भरायचं काय?

सैल_क्लॅम्प

मंडळी, २ लिटरचं चार सिलिंडर टर्बो पेट्रोल इंजिन आहे. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) जास्तीत जास्त १ बार. हेड कव्हरवरून दोन नळ्या निघतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डला जाते, आतून साधारण १० मिमी. दुसरी ब्रीदरची, १९ मिमी, एअर फिल्टर आणि एमएएफच्या पुढे टर्बोच्या तोंडाशी जोडलेली. इंटरकूलरच्या खालच्या पाइपात तेलाचा थर आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आहे, म्हणजे रिंगा ठीक असाव्यात.

कॅच कॅन, म्हणजे या नळ्यांतल्या वायूतलं तेल अडवून साठवणारा डबा, स्वतः बनवायचा आहे. ड्रिल, आटे पाडायचं साहित्य आणि लेथ उपलब्ध आहे, वेल्डिंग नाही. प्रश्न असे:

१. एक कॅन दोन्ही नळ्यांना पुरेल का?
२. एअर कॉम्प्रेसरला लावतात तो छोटा पाणी गाळणारा फिल्टर थेट वापरला तर?
३. कॅनवर छोटा ब्रीदर फिल्टर बसवून परतीची नळी काढून टाकली तर चालेल का?
४. आत तारेची घासणी भरतात, ती कोणती आणि किती?

टॅपेट_कव्हर

आधी कुठली नळी काय करते ते पक्कं करू या, कारण एक की दोन याचं उत्तर त्यातच आहे.

आयडलला आणि हलक्या थ्रॉटलवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. तेव्हा पीसीव्ही उघडा असतो आणि क्रँककेसमधला ब्लो-बाय (सिलिंडरमधून रिंगांच्या कडेने खाली निसटलेला वायू) त्यातून ओढला जातो. त्याची जागा भरायला ब्रीदरच्या नळीतून ताजी हवा आत येते. बूस्ट आला की पीसीव्ही बंद होतो आणि ब्लो-बायला बाहेर पडायला फक्त ब्रीदर उरतो. म्हणजे ब्रीदरच्या नळीत हवा दोन्ही दिशांनी वाहते. बरेच जण तिथे एकदिशा व्हॉल्व्ह टाकून मोकळे होतात. मग आयडलला ताजी हवा येत नाही, क्रँककेसमध्ये गरजेपेक्षा खोल व्हॅक्यूम तयार होतो आणि क्रँकचं सील शिट्टी मारायला लागतं. ब्रीदरच्या नळीत व्हॉल्व्ह नको.

आता तुमची तक्रार काय त्यावर ठरवा. इंटरकूलरमध्ये येणारं तेल हे ब्रीदरवाटे, बूस्टमध्ये येतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर साचणारी काजळी मात्र बरीचशी पीसीव्हीच्या वाटेने आलेल्या वाफेची असते, कारण तिथे पेट्रोलचा फवारा पडत नाही आणि धुतलं जात नाही. तुम्ही इंटरकूलर म्हणताय, तर पहिला कॅन ब्रीदरला. व्हॉल्व्हचीही काळजी असेल तर दुसरा, छोटा, पीसीव्हीच्या नळीला.

एकाच कॅनला दोन आउटलेट आणि दोन चेक व्हॉल्व्ह लावून दोन्ही कामं करणारी रचना असते. पण तिथे ताज्या हवेची वाट वेगळी ठेवावी लागते आणि चेक व्हॉल्व्ह तेलकट वाफेत न चिकटणारे हवेत. घरी बनवताना दोन साधे कॅन कधीही बरे.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून त्याजागी साधा चेक व्हॉल्व्हही टाकू नका. पीसीव्ही दिशा सांभाळतो तसा प्रवाहही मोजून देतो: खोल व्हॅक्यूमला कमी उघडतो, मध्यम व्हॅक्यूमला जास्त. ते मोजमाप गेलं की आयडल बिघडतं.

आणि ३ नंबरचं उत्तर, नाही. तुमच्या गाडीत एमएएफ आहे. ब्रीदरची परत जाणारी हवा मोजलेली आहे असं ईसीयू (इंजिनाचा संगणक) धरून चालतो. कॅनवर उघडा फिल्टर ठेवला आणि पीसीव्ही चालू ठेवला, तर आयडलला त्या फिल्टरमधून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. शिवाय गरम तेलाचा वास केबिनमध्ये येतो आणि बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीला क्रँककेस हवेत उघडा सोडायला परवानगी नाही.

लेथवरचा_छिलका

मोजमापं देतो. मूळ सूत्र एकच: कॅनमध्ये वायूचा वेग पडला पाहिजे, पण वाट कुठेही अरुंद होता कामा नये. तेल थोडं कमी पकडलं तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. वाट अरुंद झाली तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि टर्बोचं तेल परत संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरत नाही, कारण ती नळी फक्त गुरुत्वाकर्षणावर चालते. मग टर्बोच्या सीलमधून तेल गळून सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि टर्बो गेला म्हणून लोक टर्बो बदलतात.

ब्रीदरच्या कॅनसाठी:

अॅल्युमिनियमचा पाइप, आतून ९० मिमी, उंची १६० मिमी, जाडी ३ मिमी. आकारमान साधारण १ लिटर. १९ मिमी नळीतून आलेला वायू ९० मिमीच्या पोटात आला की वेग बावीसपट कमी होतो. तेलाचे थेंब खाली बसतात ते यामुळे, घासणी त्याला मदत करते.

तळापासून ४५ मिमी ही तेलाची जागा, म्हणजे जवळजवळ २८५ मिली. इनलेटची नळी झाकणातून खाली आणा आणि तिचं खालचं टोक तळापासून ६० मिमीवर बंद करा. टोकाच्या वर बाजूला चार खाचा पाडा, प्रत्येकी ८ × १८ मिमी. चारही मिळून नळीच्या छेदाच्या दुप्पट क्षेत्रफळ होतं. टोक उघडं ठेवलं तर बूस्टमध्ये झोत सरळ साचलेल्या तेलावर आदळतो आणि पकडलेलं तेल पुन्हा उडवतो.

८५ मिमीवर भोकांची चकती. ३ मिमीची ८० भोकं. ४० भोकांत नळीइतकं क्षेत्रफळ होतं, पण काही भोकं तेलाने भरतात म्हणून दुप्पट. मोठ्या ड्रिलने दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या कडेला उठलेली धार) काढा. चकती भिंतीला आणि इनलेटच्या नळीला घट्ट बसली पाहिजे. वायू नेहमी फटीतूनच जायला बघतो, मग आतली घासणी नुसती शोभेची.

त्यावर ४५ मिमी घासणी, वर तशीच दुसरी चकती, आणि तिच्यावर ३० मिमी रिकामी जागा. आउटलेट झाकणातून, इनलेटपासून होईल तितकं लांब. आउटलेटच्या तोंडाखाली १ मिमी छिद्रांची स्टेनलेस जाळी बसवा. घासणीची तार तुटलीच तर ती टर्बोच्या पात्यांपर्यंत जाता कामा नये.

घासणी ४० ते ५० ग्रॅम, सैल सोडवून. इतक्या वजनात त्या जागेचा जेमतेम २ टक्के भाग धातूने भरतो, उरलेला मोकळा राहतो. दाबून ठासून भरलीत तर हळूहळू बूच तयार होतं. घासणी विणलेली, अखंड तारेची घ्या आणि कात्रीने कापू नका. साधी पोलादी लोकर अजिबात नको, ती गंजते आणि तिचे तुकडे सुटतात. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, स्टेनलेसचे काही प्रकारही चुंबकाला चिकटतात. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून ओलीच उघड्यावर ठेवा. लाल डाग दिसले तर टाकून द्या.

वेल्डिंग नाही म्हणता, तर पाइपची दोन्ही टोकं लेथवर काटकोनात घ्या, वर-खाली ८ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियमच्या चकत्या, आणि बाहेरून चार एम६ स्टडने आवळा. सांध्यात व्हायटनची ओ-रिंग, तिच्यासाठी चकतीत खाच. ओ-रिंग जमत नसेल तर २ मिमी नायट्राइल रबराचं गॅस्केट. उघडून साफ करायलाही हीच रचना सोयीची.

ओ_रिंग

छिलकाभाऊंच्या आकड्यांत एक भर. नळी १९ मिमीची असली तरी तिच्यात घुसणारी दातेरी निपल आतून १६ मिमीच असते. म्हणजे वाट ३० टक्के अरुंद झाली, आणि इनलेट-आउटलेट दोन्हीकडे तेच. त्यामुळे निपल पाऊण इंच आट्याची घ्या, अर्धा इंचाची नको. शक्य असेल तर १९ मिमीच्या पाइपलाच बाहेरून टोकाशी किंचित कडा काढून नळी त्यावर चढवा. काटकोनी एल्बो दोनपेक्षा जास्त नकोत.

कॉम्प्रेसरच्या फिल्टरबद्दल: त्याची तोंडं पाव इंची असतात, आतून धरा ८ मिमी. १९ मिमीच्या नळीच्या तुलनेत वाट १८ टक्क्यांवर येते. आतला दाबलेल्या ब्राँझचा दांडका तेलाच्या चिखलाने बुजतो. आणि खालची पारदर्शक वाटी पॉलीकार्बोनेटची असते. तिला गरम तेल आणि पेट्रोलची वाफ मानवत नाही, तडे जातात. १ बार बूस्ट असलेल्या इंजिनाला तो लावू नका, ब्रीदरला तर नाहीच.

नळ्यांचं सांगायचं राहिलं. रेडिएटरची नळी उरली आहे म्हणून ती वापरू नका. ती ईपीडीएम रबराची असते, तेल लागलं की फुगून मऊ पडते. पारदर्शक पीव्हीसी उष्णतेने आधी मऊ होते आणि व्हॅक्यूममध्ये चपटी होते, मग कडक होऊन निपलवरून सुटते. आतून नायट्राइल किंवा फ्लोरोइलास्टोमर असलेली, आत दोऱ्याची वीण असलेली तेलाची नळी घ्या. साध्या सिलिकॉन नळीतून तेल पाझरतं आणि बाहेरून चिकट होते, आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असेल तर चालेल.

सैल_क्लॅम्प

स्टडची रचना जमेल. पीसीव्हीच्या कॅनलाही हीच मापं ठेवू का? आणि सांध्यांना सिलिकॉन सीलंट लावलं तर?

टॅपेट_कव्हर

पीसीव्हीच्या कॅनला अर्धा लिटर पुरे, कारण तिथे प्रवाहच कमी. आत रचना तीच. पण तो कॅन वेगळ्या कारणाने मजबूत हवा. तुमचा पीसीव्ही हेड कव्हरमध्येच आहे, म्हणजे कॅन पीसीव्ही आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये येणार. आयडलला त्यात ६० ते ७० किलोपास्कलचा व्हॅक्यूम, आणि बूस्टमध्ये पूर्ण १ बार. ९० मिमीच्या झाकणावर १ बार म्हणजे ६५ किलोचा रेटा. पातळ पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली इथे एकदा आत चेपते, एकदा बाहेर फुगते आणि काही दिवसांत सांध्यातून सुटते. सुटली की बूस्ट गळतो आणि आयडलला न मोजलेली हवा शिरते, दोन्ही एकदम.

म्हणून मॅनिफोल्डच्या टोकाला, म्हणजे कॅनच्या पुढे, एक चेक व्हॉल्व्ह टाका. बाण मॅनिफोल्डकडे. मग बूस्ट कॅनपर्यंत येत नाही, आणि मूळ पीसीव्ही नीट बंद होत नसेल तरी क्रँककेस वाचतो. ब्रीदरला व्हॉल्व्ह नको म्हटलं ते तिथपुरतं, ही नळी एकाच दिशेने वाहते. व्हॉल्व्ह धातूचा, तेलाला चालणारा. ब्रेक बूस्टरच्या नळीतला प्लास्टिकचा काढून लावू नका.

सिलिकॉन सीलंट नको. आत दाबून आलेली कडा पेट्रोलच्या वाफेने सुटते आणि जाळीत अडकते. आट्यांना अॅनारोबिक थ्रेड सीलंट, पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेफलॉन टेपचे तंतू आत सुटतात. सपाट जागी रबर चिकटवलेले वायसर.

लेथवरचा_छिलका

गाडीत लावण्याआधी गळती तपासा. ब्रीदरचा कॅन: एक तोंड बंद करा, दुसऱ्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवा, सायकलच्या पंपाने ०.३ बार हवा भरा आणि बादलीत बुडवा. पीसीव्हीचा कॅन जास्त दाबाला तपासायचा आहे, तो हवेने तपासू नका. पाण्याने काठोकाठ भरा आणि मग दाब द्या, तुमच्या बूस्टला १.५ बार पुरे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही सुटलं तरी फक्त थेंब उडतात. हवेने भरलेल्या डब्याचं झाकण उडालं तर बोटं जातात.

पुढे कोणी वेल्डिंग करून घेणार असेल तर एक सूचना: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्ड करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

डिझेल_खटका

मध्येच विचारतो, टर्बो डिझेललाही हेच लागू का?

ओ_रिंग

बरंचसं सोपं. बहुतेक डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, सगळा ब्लो-बाय एकाच नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. म्हणून एकच कॅन. तेलाची वाफ कमी झाली की ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकला देणारी यंत्रणा) काजळी मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखी चिकटणंही कमी होतं.

पण एक धोका डिझेललाच जास्त. कॅन भरून वाहिला आणि साचलेलं तेल इनटेकमध्ये ओढलं गेलं, तर इंजिन त्या तेलावरच पळायला लागतं, आणि चावी काढली तरी थांबत नाही. म्हणून डिझेलला तेलाची जागा मोठी ठेवा, अर्धा लिटर, आणि पातळी बाहेरून दिसेल अशी सोय करा. क्रँककेसचा दाब सांभाळणारा मूळ डायफ्रॅम असेल तर तो जागेवरच ठेवायचा, कॅन त्याच्या पुढे.

टॅपेट_कव्हर

बसवण्याबद्दल. कॅन थंड जागी हवा, रेडिएटरच्या बाजूला किंवा हेडलाइटच्या मागे. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब. गरम कॅनमध्ये वाफ थंड होत नाही आणि सरळ निघून जाते. ब्रॅकेट ३ मिमी पट्टीचं, बॉडीला, रबरी बुशवर. इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, म्हणून नळीला थोडी ढील ठेवा. पण ढिलीमुळे मध्ये झोळ पडू देऊ नका. झोळात तेल साचतं आणि बूस्टमध्ये ते एकदम गोळा होऊन येतं. इंजिनापासून कॅनपर्यंत नळी सतत उतरती हवी.

तळाला पाव इंची बॉल व्हॉल्व्ह. त्याची दांडी तारेने बांधून ठेवा, कंपनाने उघडते. पातळीसाठी नायलॉनची नळी बाहेरून काढता येते, पण सांधे वाढले की गळतीच्या जागा वाढतात. झाकणात आट्याचं बूच आणि त्याला खाली तार, खुणा केलेली, एवढं पुरतं. मोजताना इंजिन बंद ठेवा.

लेथवरचा_छिलका

क्रँककेसचा दाब कॅनच्या आधी आणि नंतर मोजा, हे कोणी करत नाही. दीड मीटर पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर बांधा, निम्मी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा. मध्ये एक रिकामी बाटली घाला, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. इंजिन गरम, आयडलला. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक लिहून ठेवा. १०० मिमी फरक म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. पीसीव्ही चालू असलेल्या इंजिनात आयडलला किंचित व्हॅक्यूम दिसायला हवा.

कॅन लावल्यावर आकडा पूर्वीसारखाच आला पाहिजे. बूस्टमधलं मोजमाप चालत्या गाडीत यू-नळीने करता येत नाही, तिथे डिपस्टिकच्या नळीवर एक सुटा एमएपी सेन्सर (दाब मोजणारा) लावून नोंद घ्या. बूस्टमध्ये दाब आधीपेक्षा स्पष्ट वाढत असेल तर घासणी कमी करा, नळी किंवा निपल मोठी करा. डिपस्टिक आपोआप वर सरकत असेल तर मोजायची गरजच नाही, वाट अडली आहे.

सैल_क्लॅम्प

फ्युएल ट्रिममध्ये (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करतो ती दुरुस्ती) काही बघावं लागेल का? आणि कॅनमधून दुधाळ पाणी निघालं तर हेड गॅस्केट समजायचं का?

ओ_रिंग

ट्रिम: कॅन लावण्याआधी गरम इंजिनावर आयडलचा लाँग टर्म आकडा लिहून ठेवा. नंतर तो ५ टक्क्यांहून जास्त प्लसकडे गेला आणि आरपीएम वाढवल्यावर पुन्हा खाली आला, तर कुठेतरी हवा आत शिरते आहे. आधी ड्रेनचा व्हॉल्व्ह आणि बूच बघा.

दुधाळ द्रव: थंड हवेत, छोट्या छोट्या फेऱ्यांत ते होणारच. ब्लो-बायमध्ये पाण्याची वाफ असते आणि कॅन थंड असतो म्हणून ती तिथे जमते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर गॅस्केट सोडून द्या. दोन्हींपैकी एकातही बदल असेल तर मात्र तपासा. शून्याखाली तापमान जात असेल तर हिवाळ्यात कॅन दर आठवड्याला रिकामा करा, कारण ते पाणी गोठून आउटलेट बुजतो आणि मग सील फुटतात.

निघालेला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नका. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. वापरलेल्या तेलाबरोबर जमा करा. पहिल्यांदा ५०० किमीला उघडून बघा, मग जागा निम्म्यापेक्षा जास्त भरणार नाही असं अंतर ठरवा. तेल अचानक जास्त निघायला लागलं तर कॅनला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा: तेल खुणेच्या वर भरलं आहे का, पीसीव्ही उघडाच अडकला आहे का, आणि लीक-डाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते ते बघायची चाचणी) कुठल्या सिलिंडरमधून हवा क्रँककेसमध्ये जाते आहे. नुसती कॉम्प्रेशन टेस्ट पुरत नाही, तेलाने भरलेल्या रिंगा आकडा चांगला दाखवतात.